खेचरांची तुकडी संहितेत कशी आली: एका युद्धपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मे १९४० मध्ये फ्रान्स-बेल्जियममधून माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यावरचा हा चित्रपट. निर्मिती ब्रिटिश, थोडा पैसा फ्रेंच भागीदाराचा, बजेट मध्यम. चित्रपटाचं, कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे वगळलं आहे. ओळख पटेल असे निर्मितीचे एक-दोन तपशील बदलले आहेत, इतिहासाचे बदललेले नाहीत.

कथा साधी होती. रुग्णसेवा करणाऱ्या एका लष्करी पथकाचे नऊ जण माघारीच्या गोंधळात आपल्या तुकडीपासून तुटतात आणि वाट काढत डंकर्कच्या किनाऱ्यावर येतात, जिथून जहाजांनी सैनिकांना इंग्लंडला नेलं जात होतं. संवाद असलेली सगळी पात्रं गोरी, त्यात दोन फ्रेंच शेतकरी बायका. कुणी ठरवून कुणाला वगळलं नव्हतं. पटकथाकारानं तयारीसाठी वाचली ती बहुतेक ब्रिटिश अधिकाऱ्यांची आठवणींची पुस्तकं. त्या अधिकाऱ्यांना जे दिसलं, किंवा लिहिण्याजोगं वाटलं, तेच संहितेत उतरलं.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे निधीसाठी अर्ज करायचा तर २०१६ पासून विविधतेचे निकष पाळावे लागतात. त्यांचे चार विभाग आहेत: पडद्यावरचं चित्रण आणि विषय, दिग्दर्शनापासून पुढचा सर्जनशील चमू, नवख्यांना मिळणाऱ्या कामाच्या संधी, आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचणं. चारही विभाग पूर्ण करावे लागत नाहीत. या चित्रपटाचा चमू आणि प्रशिक्षणाची योजना पुरेशी होती, संहितेच्या एका ओळीलाही हात न लावता अर्ज पुढे गेला असता. असं काही झालं की ‘कोट्यापायी इतिहास बदलला’ अशी ओरड लगेच होते. इथे कोट्याची सक्ती नव्हतीच.

अडचण कुठून सुरू झाली

संहितेच्या तिसऱ्या खर्ड्यावर कार्यकारी निर्मात्याचा शेरा आला: एखादा भारतीय चेहरा असायला हवा. सोबत उपायही होता. पथकातल्या कॉर्पोरलला (शिपायाच्या वरचा हुद्दा) शीख करा, नाव बदला, पगडी द्या, संवाद तेच ठेवा.

दिग्दर्शिकेला हे पटेना, पण का पटत नाही ते तिला नेमकं सांगताही येईना. भारतीय पात्र नको म्हटलं तर तिच्याच हेतूवर शंका येणार. तिनं संशोधकाला विचारलं आणि त्याचं उत्तर दुधारी निघालं.

एक, शीख कॉर्पोरल चुकीचा होता. भारतीय लष्कर ही ब्रिटिश लष्करापासून वेगळी संस्था होती. तिची भरती वेगळी, हुद्दे वेगळे, तुकड्याही वेगळ्या. पंजाबातून भरती झालेला जवान ब्रिटिश पथकात एकटा कॉर्पोरल म्हणून सापडणं जवळजवळ अशक्य. लिव्हरपूल, कार्डिफसारख्या बंदरांच्या शहरांत जन्मलेला काळा ब्रिटिश तरुण मात्र त्या पथकात असू शकला असता. ऑक्टोबर १९३९ मध्ये ब्रिटिश लष्करानं अधिकारीपदासाठीची वर्णाची अट युद्धकाळापुरती उठवली होती. साधा शिपाई म्हणून असे तरुण त्याआधीही भरती होत.

दोन, भारतीय सैनिक तिथे खरोखर होते. फक्त शेऱ्यात सांगितलेल्या जागी नव्हते.

फ्रान्समध्ये उतरलेलं ब्रिटिश मोहीम दल पूर्ण यांत्रिक होतं, ओझी वाहणारी जनावरं त्यांच्याकडे नव्हती. १९३९-४० चा हिवाळा तोंडावर होता. बर्फ आणि चिखलात ट्रक रुतू लागणार हे दिसताच खेचरांची मागणी भारताकडे गेली. भारतीय लष्कराच्या पुरवठा-वाहतूक शाखेच्या, म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या, चार खेचर कंपन्या मुंबईहून निघाल्या आणि २६ डिसेंबर १९३९ रोजी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. या दलाचं सांकेतिक नाव होतं ‘फोर्स के-६’, कंपन्यांचे क्रमांक २२, २५, २९ आणि ३२. माणसं दोन हजारांहून कमी, बहुसंख्य पंजाबी मुसलमान. मे महिन्यात आघाडी कोसळली तेव्हा २२ वी कंपनी जर्मनांच्या हाती लागली. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना डंकर्कहून इंग्लंडला नेण्यात आलं. खेचरं मागे सोडावी लागली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे शेऱ्यातला शीख कॉर्पोरल. स्वस्त आणि झटपट. तो चुकीचा आहे हे कळल्यावरही निर्माता दोन बैठका त्याचाच आग्रह धरून बसला. प्रेक्षकाला फरक कळणार नाही, हे त्याचं म्हणणं. बहुतेकांना खरंच कळला नसता.

दुसरा पर्याय वर्ण न पाहता नटांची निवड करण्याचा. रंगभूमीवर हे सर्रास चालतं आणि शैलीदार चित्रपटातही चालतं. पण या चित्रपटात गणवेशाची बटणं आणि रुग्णवाहिकेचे टायर त्या काळचेच असावेत म्हणून वेशभूषा आणि कला विभाग जिवाचं रान करत होते. बटण खरं आणि माणसं हवी तशी, हा मेळ दिग्दर्शिकेला जमेना. अर्ध्या तासात पर्याय निकालात निघाला. माझ्या मते त्याला जास्त वेळ मिळायला हवा होता, कारण त्याच चर्चेतून कार्डिफच्या काळ्या तरुणाची शक्यता पुढे आली. ती या पर्यायात मोडतच नाही, ती सरळ इतिहासात बसते.

तिसरा, संहिता आहे तशी ठेवायची आणि विविधता पडद्यामागे दाखवायची. हा प्रामाणिक मार्ग होता. नऊ जणांच्या प्रवासात साम्राज्याचा सगळा नकाशा भेटलाच पाहिजे असं नाही.

चौथा पर्याय खेचर कंपनीचा. यावर पहिला आक्षेप संख्येचा आला. डंकर्कहून ३,३८,२२६ जण बाहेर काढले गेले, त्यात भारतीय काही शेकडा. त्यांना पडद्यावर सहा-सात मिनिटं देणं म्हणजे प्रमाण बिघडवणं नाही का? संशोधकाचं उत्तर मला अजून आवडतं: चित्रपट जनगणना करत नाही, पण ज्या रस्त्यानं तुमचे नऊ जण चालले त्या रस्त्यावर काय दिसलं असतं हे तो सांगू शकतो. ट्रक जाळून टाकलेल्या, माणसांनी ओसंडणाऱ्या रस्त्यावर शिस्तीत चालणारी खेचरांची रांग दिसली असती, आणि ती कुणाच्याही लक्षात राहिली असती.

पाचवा पर्याय फ्रेंच दलातल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांचा. इथे संख्येचा आक्षेपच नव्हता. २८ ते ३१ मे दरम्यान वेढ्यात सापडलेल्या फ्रेंच सैन्यानं लील शहरात जर्मनांना रोखून धरलं आणि डंकर्कला तेवढे दिवस मिळाले. त्या सैन्यात मोरोक्कन आणि उत्तर आफ्रिकी डिव्हिजन होत्या. शिवाय वसाहतींतल्या काळ्या सैनिकाला पकडलं जाण्याचा अर्थ गोऱ्या सैनिकाहून वेगळा होता. जूनमध्ये ल्योनजवळच्या शासले गावात शरण आलेल्या पश्चिम आफ्रिकी सैनिकांना वेगळं काढून ठार करण्यात आलं. वसाहतींच्या सैनिकांना डावलून १९४० चं फ्रान्स पुरतं दाखवता येणार नाही, हे फ्रेंच भागीदारालाही मान्य होतं.

सहावा किनाऱ्यावरच्या जहाजांचा. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी नेमण्याची पद्धत जुनी होती आणि मुंबईहून भरती होणाऱ्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे पुष्कळ असत. असे खलाशी नेमणाऱ्या क्लॅन लाइनचं ‘क्लॅन मॅकॲलिस्टर’ हे जहाज २९ मे रोजी डंकर्कसमोर बॉम्बहल्ल्यात सापडलं. आपल्याकडच्या वाचकाला युद्धपटात मराठा पलटण शोधायची सवय असते. ती या किनाऱ्यावर नव्हती. मराठी माणूस इथे कुठे असण्याची शक्यता होतीच तर ती जहाजाच्या डेकवर, टंडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली.

काय ठरलं आणि कसं केलं

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. पथकातला एक शिपाई कार्डिफमध्ये जन्मलेला काळा तरुण करायचा, त्याच्या रंगावर वेगळा प्रसंग रचायचा नाही. खेचर कंपनीचा एक सलग प्रसंग लिहायचा. आणि लीलच्या वेढ्यातून निसटलेल्या मोरोक्कन सैनिकांचा एक प्रसंग ठेवायचा. खलाशी मात्र जहाजावरच्या दोन शॉटमध्ये पार्श्वभूमीलाच राहिले.

खरे पेच यानंतर सुरू झाले.

*कोणता भारतीय?* वेशभूषा विभागानं मागवलेल्या पहिल्या पगड्या शिखांच्या पद्धतीच्या होत्या. पाश्चात्त्य प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर भारतीय सैनिक म्हणजे दाढी आणि शीख पगडी, आणि संदर्भासाठी जमवलेली बहुतेक चित्रंही तशीच. के-६ च्या छायाचित्रांत मात्र पंजाबी मुसलमान जवानाच्या डोक्यावर कुल्ला, म्हणजे उंच निमुळती टोपी, आणि त्याभोवती बांधलेला साफा दिसतो. मागणी रद्द करून नवे साफे बांधायला माणूस आणला. यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. हे जवान ज्या जिल्ह्यांतून भरती होत तो बराच मुलूख आज पाकिस्तानात आहे. त्यांना प्रसिद्धीत ‘भारतीय’ म्हणायचं की नाही? संहितेत ‘इंडियन’ ठेवलं, कारण १९४० मधला ब्रिटिश दुसरं काही म्हणालाच नसता. प्रसिद्धीचा प्रश्न पुढे ढकलला, आणि पुढे तोच नडला.

*भाषा.* पहिल्या खर्ड्यात जवान एकमेकांशी हिंदीत बोलत होते. भारतीय लष्कराची व्यवहाराची भाषा उर्दू होती, ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती शिकून परीक्षा द्यावी लागे. पण हे जवान आपसात आपल्या मुलखातली पोठोहारी बोली बोलले असते. तेव्हा असं ठरलं: अधिकाऱ्याशी उर्दू, आपसात पोठोहारी. ती बोलणारे नट मिळणार कुठून, या चिंतेत निवड विभागानं आठवडाभर काढला. उत्तर जवळच होतं. ब्रॅडफर्ड-बर्मिंगहॅममधली कितीतरी ब्रिटिश-पाकिस्तानी कुटुंबं मीरपूर आणि आसपासच्या भागातली आहेत, आणि त्यांच्या घरात हीच बोली, किंवा तिची सख्खी बहीण, बोलली जाते. ज्युनियर आर्टिस्टांपैकी दोघांनी संवादातली शहरी पंजाबी वाक्यं तिथल्या तिथे सुधारून दिली. दिग्दर्शिकेनं ती तशीच ठेवली.

*अधिकार कुणाकडे?* हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि बैठकीत त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं. लिहिलेल्या प्रसंगात ब्रिटिश कॅप्टन हुकूम देतो, जवान ऐकतात, जखमी ब्रिटिशांना खेचरांवर घेतात आणि निघून जातात. मदतीला धावलेली मुकी माणसं. संशोधकानं दोन गोष्टी दाखवून दिल्या. कंपनीतला जमादार हा व्हाइसरॉयच्या सनदेचा, म्हणजे फक्त भारतीय जवानांवर हुकूम चालणारा, अधिकारी, त्याचा जवानांवर पूर्ण वचक, पण अगदी नवख्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्याही खालचा. आणि के-६ मध्ये राजाच्या सनदेचे, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे, भारतीय अधिकारीही होते. मेजर मोहम्मद अकबर खान त्यांतले, जे पुढे पाकिस्तानी लष्करात मेजर जनरल झाले. म्हणजे उतरंड होती, पण ती ‘गोरा सांगतो, काळा ऐकतो’ इतकी सपाट नव्हती.

प्रसंग पुन्हा लिहिला. आता निर्णय जमादार घेतो. किनाऱ्याकडे जाण्याआधी खेचरं सोडण्याचा हुकूम वरून आला आहे. जखमींना चढवायचं तर खेचरं आणखी काही मैल न्यावी लागतील, म्हणजे हुकूम मोडावा लागेल. जमादार खेचरं नेतो. कॅप्टन हे पाहतो आणि न पाहिल्यासारखं करतो. हुकूम खरा, हा प्रसंग काल्पनिक. तो त्या वेळच्या माणसाला शक्य होता एवढंच म्हणता येईल. एका जवानाला खेचराच्या कानाशी बोलायला दोन वाक्यं मिळाली.

*सबटायटल.* ती वाक्यं भाषांतरित करायची का? कॅमेरा रुग्णपथकाच्या बाजूनं पाहतो आणि त्या माणसांना पोठोहारी कळत नाही, म्हणून दिग्दर्शिकेला सबटायटल नको होती. संकलकाचं म्हणणं होतं की मग ही माणसं चित्रपटभर नुसता आवाज ठरतील. तोडगा असा निघाला: आरडाओरड, हाका, खेचरांना हाकणं यांना काही नाही; त्या दोन वाक्यांना आणि जमादाराच्या निर्णयाला सबटायटल.

*चाचणी प्रयोग.* प्रेक्षकांना प्रसंग आवडला, पण ‘ही माणसं कोण?’ हे अनेकांनी लिहिलं. निर्मात्यानं दोन उपाय सुचवले: प्रसंग कापा, नाहीतर पडद्यावर माहितीची पाटी द्या. दिग्दर्शिकेला दोन्ही नको होते. पाटी आली की माणसं पाठ्यपुस्तकातली होतात. शेवटी पथकातल्या सार्जंटच्या तोंडी एक वाक्य घातलं: ‘खेचरवाले आहेत. ख्रिसमसपासून आहेत इथे, तुझ्याआधी आलेत.’ पुढच्या प्रयोगात तो प्रश्न कुणी लिहिला नाही.

मोरोक्कन प्रसंगाचं नशीब वेगळं. त्याला गर्दी लागणार होती आणि त्यात इंग्रजी बोलणारं एकही मुख्य पात्र नव्हतं. चित्रीकरणाचे दिवस कमी पडले तेव्हा वेळापत्रकातून आधी तोच गेला. फ्रेंच भागीदारानं नाराजी नोंदवली, पण पैसे वाढवले नाहीत.

परिणाम

चित्रपट बरा चालला. समीक्षकांनी खेचरांच्या प्रसंगाची दखल घेतली, काहींनी तो सर्वोत्तम ठरवला. दोन्ही टोकांकडून तक्रारी आल्या: काहींना तो राजकीय सोय म्हणून चिकटवलेला वाटला, काहींना अपुरा. पहिल्यांना उत्तर देणं सोपं गेलं, कारण कंपनीचे क्रमांक, बंदर, तारीख सगळं हाताशी होतं. कार्डिफच्या शिपायाबद्दल कुणी ब्रही काढला नाही.

घोटाळा वितरणात झाला. दक्षिण आशियासाठीच्या पोस्टरवर खेचर कंपनीतल्या एका जवानाचा चेहरा मध्यभागी, मोठा, आणि डोक्यावर शीख पद्धतीची पगडी. पोस्टर बनवणाऱ्यांनी चित्रीकरणातलं छायाचित्र न वापरता वेगळं चित्र रंगवून घेतलं होतं. सात मिनिटांच्या प्रसंगाच्या जोरावर चित्रपट ‘आपल्या सैनिकांचा’ म्हणून विकला गेला. तिकीट काढून गेलेले प्रेक्षक चिडले आणि त्यांचं काही चुकलं नाही. पाकिस्तानातून वेगळी तक्रार आली: आमच्या आजोबांना तुम्ही दुसरंच कुणी करून टाकलंत. पोस्टर बदललं, तोवर पहिला आठवडा संपला होता.

आणि एक परिणाम ज्यावर फारसं कुणी लिहिलं नाही. पडद्यावर दोन हजारांहून लहान दलाला जागा मिळाली, लीलमध्ये लढलेल्या उत्तर आफ्रिकी डिव्हिजनना शून्य. यामागे ऐतिहासिक कारण नव्हतं. भारतीय बाजारपेठ मोठी आहे आणि खेचरांच्या प्रसंगात इंग्रजी बोलणारा कॅप्टन आहे, एवढंच. विविधतेच्या चर्चेत ‘कोण दिसलं’ हे मोजतात. कुणाच्या जागी दिसलं हे मोजायला फार कमी जण बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

संशोधकाला तिसऱ्या खर्ड्यानंतर बोलावलं, तोवर नऊ जणांचा मार्ग ठरून गेला होता. कथेच्या पहिल्या टिपणावेळीच तो असता तर मार्गच थोडा वळवता आला असता आणि मोरोक्कन सैनिकांशी गाठ मुख्य कथानकात पडली असती. जो प्रसंग कथानकाच्या सांध्यावर असतो तो वेळापत्रकातून सहजासहजी गळत नाही. जो बाजूला लटकवलेला असतो तो पहिला गळतो. खेचरांचा प्रसंग टिकला तोही त्यात जखमींना वाहून नेणं होतं आणि ते काढलं तर पुढची कथा अडली असती म्हणून.

मोरोक्कन प्रसंग स्वस्तही करता आला असता. वेढा आणि गर्दी कशाला? रस्त्याकडेला जखम बांधून घेणारे तीन सैनिक, त्यांतला एक मोडकं फ्रेंच बोलणारा, आणि पथकातला फ्रेंच येणारा एकुलता एक माणूस. असा खर्डा पटकथाकारानं नंतर लिहून दाखवला, तेव्हा चित्रीकरण संपलं होतं.

खलाशांच्या बाबतीत संशोधन अर्ध्यावर सोडलं गेलं. ठरावीक जहाज, त्यावरची खलाशांची यादी, सारंगाचं (खलाशांच्या म्होरक्याचं) काम, एवढं हाती असतं तर शेवटच्या प्रसंगात दोर फेकणाऱ्या हाताला निदान एक हाक मारता आली असती.

पोस्टरबाबत करारातच तरतूद हवी होती. चित्रीकरणात कुल्ला-साफ्यासाठी इतका खटाटोप झाला, पण वितरकाच्या करारात प्रसिद्धीची चित्रं संशोधकाला दाखवून घेण्याची अट नव्हती. दिग्दर्शिकेनं पुढच्या चित्रपटाच्या करारात ती घातली आहे: पोस्टर, ट्रेलर आणि परदेशी भाषांतली जाहिरात, तिन्हींसाठी. वितरकानं तिच्यावर एकच दुरुस्ती मागितली, संशोधकानं उत्तर पाच दिवसांत द्यावं. ती मान्य झाली.